पाणबुडीच्या बातमीत पल्ल्यापुढेही पाहावे

मा. संपादक,
स. न.

पाणबुडीवरून क्षेपणास्त्राची चाचणी झाली की बातमीत पल्ल्याचा आकडा तेवढा ठळक छापला जातो. भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींमुळे खान्देशात अशा बातम्या बारकाईने वाचल्या जातात, म्हणून हे पत्र.

2003 च्या धोरणानुसार भारत अण्वस्त्र आधी वापरणार नाही. मग पहिला घाव सोसल्यावरही उलट वार करण्याची ताकद शाबूत राहिली पाहिजे. विमानतळ आणि जमिनीवरचे तळ उपग्रहाला दिसतात, खोल पाण्यातली बोट, म्हणजे पाणबुडी, दिसत नाही. सगळा धाक त्या न सापडण्याचा आहे. पाणबुडीवरून डागायच्या के-15 क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे 750 किलोमीटर. तेवढ्यावर चीनला वचक बसवायचा तर आपल्या ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीला थेट त्याच्या पहाऱ्यातल्या समुद्रात शिरावे लागेल. 27 नोव्हेंबर 2024 रोजी ‘अरिघात’ या दुसऱ्या अणुपाणबुडीवरून डागलेले के-4 क्षेपणास्त्र सुमारे 3,500 किलोमीटर जाते, त्यामुळे बोट बंगालच्या उपसागरातच थांबू शकते. पल्ला वाढला म्हणजे लपायला पाणी वाढले! त्यातही गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी वर पसरल्याने तिथे खारटपणाचे थर पडतात, आवाज वाकडा जातो आणि सोनारला (आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राला) माग लागणे अवघड होते.

मात्र बोटीने स्वतः गप्प राहायला हवे. डिझेल पाणबुडी बॅटरीवर जवळजवळ निःशब्द चालते. अणुपाणबुडीत पंप, टर्बाइन, गिअर फिरतच असतात. म्हणून यंत्रे रबरी बैठकींवर बसवतात. एखादे बेअरिंग झिजले तरी ठरावीक सुराची घरघर सुरू होते, आणि शत्रूचा सोनार नेमकी तीच पकडतो. आदेश येतो तो तिरुनेलवेलीजवळच्या ‘आयएनएस कट्टबोम्मन’ या नौदलाच्या केंद्रातून, अतिशय कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींवर. त्याही पाण्यात काही मीटरच शिरतात, म्हणून बोट लांब तारेचा अँटेना वर सोडून ऐकते. उत्तर देत नाही. दिले तर ठावठिकाणा फुटतो.

आता संख्या. एक बोट गस्तीवर, दुसरी तयारीत, तिसरी दुरुस्तीला, असे चक्र चालते. ब्रिटन आणि फ्रान्स प्रत्येकी चार बोटी बाळगतात. ब्रिटनची एक तरी बोट 1969 पासून कायम समुद्रात आहे. दोन बोटींवर हे जमत नाही. अणुभट्टीच्या मोठ्या दुरुस्तीत बोट दीर्घकाळ गोदीत अडकते, त्याच वेळी दुसरीत बिघाड झाला तर समुद्रात कोणीच उरत नाही. आमच्या मते आणखी लांब पल्ल्यापेक्षा तिसरी-चौथी बोट अधिक निकडीची आहे. पुढच्या चाचणीच्या बातमीत पल्ल्याशेजारी सेवेतल्या बोटींची संख्याही द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, भुसावळ (जि. जळगाव)