आईची साखर आणि तुझी तपासणी

जळगाव,
१० जानेवारी

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

आईला आणि मावशीला साखर, मग गरोदरपणात तुलाही होणारच का, म्हणून जनुकांची तपासणी करून घेऊ का, असं विचारलंस. त्याचे पैसे वाचव.

वारेतून येणारी हार्मोन्स इन्सुलिनचं काम अडवतात, पाचव्या-सहाव्या महिन्यापासून जास्तच. ज्या बाईचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडू शकत नाही, तिची साखर चढते. ही कमतरता काही अंशी घराण्यातून येते. टीसीएफ७एल२ आणि एमटीएनआर१बी या जनुकांतले काही बदल त्याला कारण आहेत, पण एकेका बदलाचा वाटा लहान, आणि तो कितीतरी निरोगी माणसांतही सापडतो. आईला साखर आहे, हे डॉक्टरांना कळणं त्या अहवालापेक्षा कामाचं.

मात्र आईचे जुने रिपोर्ट काढून बघ. वजन बेताचं असूनही उपाशीपोटी साखर वर्षानुवर्षं १०० ते १४५ च्या आतच, असं दिसलं तर जीसीके जनुकातला दोष असू शकतो. तुझीही तशीच निघाली, तर जनुक-तपासणी करायलाच हवी. हा दोष बाळात उतरण्याची शक्यता निम्मी. उतरला तर आईच्या त्या साखरेवर बाळ नीट वाढतं. नाही उतरला तर जादा साखरेपायी बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि अंगानं मोठं होतं. म्हणून उपचारही बदलतो.

एरवी साधी तपासणी पुरते. आत्ता एकदा कर आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, म्हणजे आखाजीच्या सुमारास. आत्ताची चांगली आली म्हणून दुसरी टाळू नकोस, खरा ताण तेव्हाच असतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं. उपाशी असायची गरज नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दोन तास बसून राहा, चालण्यानं आकडा खाली येतो. दोन तासांनी १४० किंवा वर आली, तर गरोदरपणातला मधुमेह.

निघालाच, तर आधी दोन आठवडे आहार आणि चालणं. कळण्याची भाकरी, भरीत, डाळ खुशाल खा, पण भाकरी मोजून. आखाजीचा आमरस आणि सांजोऱ्या मात्र दूर ठेव. तरी जेवणानंतर दोन तासांनी १२० किंवा वर राहिली, तर औषध किंवा इन्सुलिन लागतं. इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, सासूबाईंना हे नक्की सांग.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तेच ७५ ग्रॅमचं पाणी, पण उपाशीपोटी. तेव्हा माहेरी अमळनेरला असशील, तिथेच करून घे.

तुझी,
मंगल