माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र: सरकारी कॉम्प्युटरचा रिमोट सरकारच्या हातात असू द्या

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. शाळा, ग्रामपंचायती, आपले सरकार सेवा केंद्रं, एक-दोन पतसंस्था, सगळीकडचे कॉल येतात. आमचा तालुका डोंगराळ, कोयनानगर-हेळवाककडचं एक टोक आणि तारळ्याकडचं दुसरं, पावसाळ्यात कुठं दरड आली की रस्ताच बंद, त्यामुळे प्रिंटर ड्रायव्हर टाकायला किंवा ब्राउझरची सेटिंग बदलायला प्रत्येक वेळी गाडी काढणं परवडत नाही. निम्म्याहून जास्त काम रिमोटवरनंच होतं, म्हणजे मी माझ्या टेबलावर बसून त्यांच्या कॉम्प्युटरचा माउस चालवतो. ही सोय नसती तर जूनमध्ये ॲडमिशनच्या गर्दीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या किती पोरांना हेलपाटे पडले असते ते केंद्रावर बसणाऱ्यांना विचारा. सेवा हक्क कायदा 2015 पासून आहे, दाखला मुदतीत द्यायचा म्हणतो, पण मशीन बंद पडलं की मुदत पाळणार कशी?

तर रिमोट सॉफ्टवेअर वाईट आहे असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये, उलट ते लागणारच आहे आणि इथून पुढे जास्तच लागणार आहे. माझं म्हणणं एवढंच की सरकारी कामाच्या कॉम्प्युटरवर जे रिमोट चालतंय ते आज कुणाच्याच हिशेबात नाही. राज्य सरकारने स्वतःचा रिमोट सपोर्ट सर्व्हर उभा करावा, जो विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सगळ्यांवर चालेल, आणि सरकारी मशीनला हात लावायचा तर त्यातूनच लावायचा असा नियम करावा.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते बघा. पोर्टलवर फॉर्म सबमिट होत नाही म्हणून केंद्रातला संगणक परिचालक हेल्पडेस्कला फोन लावतो. पलीकडचा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो? "एनीडेस्क चालू करा आणि नंबर सांगा." एनीडेस्क म्हणजे रिमोटचं सॉफ्टवेअर, त्यात आपल्या मशीनचा नंबर दिसतो आणि तो दिला की पलीकडच्याला आत येता येतं. परिचालक नंबर सांगतो, ॲक्सेप्ट दाबतो, बोलणारा कोण, कुठल्या ऑफिसातला, खरंच हेल्पडेस्कचा का, हे ओळखायचं काही साधन त्याच्याकडे नाही. मी शेजारी उभा राहून हे पाहिलंय, एका पोर्टलच्या बाबतीत नाही, वेगवेगळ्या. आणि बँकेच्या नावानं फोन करणारे चोर काय बोलतात? शब्द न शब्द हेच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये बँकांना याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं. तेव्हापासून सगळे कानीकपाळी ओरडतायत की अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून असलं ॲप टाकू नका, फसलात तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि त्याच वेळी सरकारी कामातला सपोर्ट लोकांना नेमकी तीच सवय लावतोय. गावातला पोरगा दिवसभर केंद्रावर बसून फोनवर नंबर सांगायला शिकतो, संध्याकाळी त्याच्या वडिलांना चोराचा फोन आला तर त्यात काही वेगळं वाटायचं कारण काय?

यात एनीडेस्क किंवा तसंच रिमोट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमव्ह्यूअर या कंपन्यांना दोष देत नाही, सॉफ्टवेअर चांगली आहेत. पण दोन्ही जर्मनीतल्या कंपन्या, आणि आपलं कनेक्शन जुळवून देणारे सर्व्हर त्यांचे. फेब्रुवारी 2024 मध्ये एनीडेस्कने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या सिस्टीममध्ये घुसखोरी झाली, जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या ऑफिस नेटवर्कमध्येही तसंच झालं. ग्राहकांचं नुकसान झालं नाही असं टीमव्ह्यूअरने सांगितलं, मान्य. पण आपल्या तहसीलची मशीनं कुठून कोण उघडतंय याची नोंद आपल्याकडे नसावी हे बरोबर आहे का? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशात लॉग, म्हणजे मशीनवर काय काय झालं त्याच्या नोंदी, 180 दिवस भारतात ठेवायला सांगितलेत. फुकट व्हर्जन टाकून फोनवर नंबर सांगणाऱ्या ऑफिसकडे कसला लॉग असणार, साहेब.

सगळ्यात जास्त काळजी मला डीएससीची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीची वाटते. सही करणारे साहेब मीटिंगला, दाखले तुंबलेले, म्हणून ती सही ज्यात असते ते यूएसबी टोकन ऑपरेटरच्या मशीनला लावून ठेवलेलं, पिन मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, आणि त्याच मशीनवर रिमोटचा कायमचा पासवर्ड सेट केलेला, म्हणजे समोर कुणी बसलेलं नसलं तरी बाहेरनं आत जाता येतं. हे म्हणजे सही केलेलं चेकबुक खिडकीत ठेवण्यासारखं आहे. यात एक तांत्रिक गोष्ट आहे जी नियम करणाऱ्यांना माहीत असायला हवी. विंडोजच्या स्वतःच्या आरडीपीने, म्हणजे त्यातच येणाऱ्या रिमोट डेस्कटॉपच्या सोयीने, आत गेलं तर त्या मशीनला लावलेलं टोकन साधारणपणे दिसतच नाही, कारण आरडीपी तिकडचं टोकन न बघता जोडणाऱ्याच्या मशीनवरचं टोकन बघायला जातं. म्हणून वैतागून लोक एनीडेस्क किंवा व्हीएनसीसारखं दुसरं रिमोट सॉफ्टवेअर टाकतात, त्यात समोरची स्क्रीन जशीच्या तशी मिळते आणि टोकनही चालतं. म्हणजे जी अडचण अजाणता का होईना संरक्षण देत होती ती लोकांनी कामासाठी बाजूला सारली, आणि त्यांना रागवून उपयोग नाही, कारण दुसरा रस्ता कुणी दिलाच नाही.

आता वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमचं सांगतो, कारण मंत्रालयात बसून वाटत असेल की सगळीकडे विंडोज आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमच्या शाळांमधली कितीतरी मशीनं त्याच्या आधीची आहेत, रॅम वाढवून, एसएसडी टाकून अजून मस्त चालतात, ती भंगारात कशाला घालायची? त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं हाच शहाणपणाचा मार्ग, केरळने शाळांमध्ये हे फार आधीच करून दाखवलंय. पण मग एकाच शाळेत ऑफिसात विंडोज, लॅबमध्ये उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि हेडमास्तरांच्या हातात अँड्रॉइड. आरडीपी म्हणाल तर विंडोज होम एडिशनवर बाहेरून जोडताच येत नाही, त्याला प्रो लागतं, आणि स्वस्तात घेतलेल्या बऱ्याच मशीनवर होमच असतं. उबंटू 22.04 वर वेलँड ही स्क्रीन दाखवायची नवी पद्धत चालू असेल तर बाहेरचं रिमोट सॉफ्टवेअर स्क्रीन दाखवायची परवानगी मागतं, समोर कुणी नसेल तर झालं, मग मास्तरांना फोनवर सांगायचं की लॉगिन करताना खाली कोपऱ्यात गिअरचं चिन्ह आहे ते दाबा आणि एक्सऑर्गवालं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, निवडा. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या आधी द्याव्या लागतात. आणि विंडोजवर सॉफ्टवेअर नीट इन्स्टॉल न करता नुसतंच चालवलं असेल तर ॲडमिनची परवानगी मागणारी खिडकी आली की माझ्याकडची स्क्रीन गोठते किंवा काळी पडते, पलीकडे बाई "येस दाबू का?" विचारतात आणि मला दिसत नसतं त्या कशावर येस दाबतायत.

मराठी टायपिंगचं दुखणं तर वेगळंच. सरकारने युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच दिसावी म्हणून ठरलेली पद्धत) आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डचा आग्रह धरला ते चांगलंच केलं. पण रिमोटवर मी 'क्रमांक' टाईप केलं आणि पलीकडच्या उबंटूवर कीबोर्ड मराठीला बदललेला नसेल तर तिथे इंग्रजीत के डी जे सी ई एक्स के उमटतं. काही सॉफ्टवेअर फक्त कुठलं बटण दाबलं एवढंच पाठवतात आणि अक्षर पलीकडची मशीन ठरवते, काही तयार अक्षर पाठवतात, आणि कुठला प्रकार चालू आहे हे सेटिंगमध्ये आत कुठेतरी दडलेलं असतं. रोज हे करणाऱ्याला कळतं, नव्या माणसाचा अर्धा तास जातो आणि मग तो चिडून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टवर परत जातो. सरकारने एक सॉफ्टवेअर ठरवलं, त्याची मराठीसाठीची सेटिंग आधीच करून दिली, तर हा प्रश्न एका फटक्यात सुटेल.

आणि हे करायला फार मोठं टेंडर लागत नाही, म्हणून तर लिहितोय. रस्टडेस्क नावाचं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-वापरता येतो असं, रिमोट सॉफ्टवेअर आहे, विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सगळ्यांवर चालतं, आणि त्याचा सर्व्हर आपण आपल्या मशीनवर चालवू शकतो. एक प्रोग्रॅम दोन मशीनची गाठ घालून देतो, दुसरा थेट कनेक्शन जमलं नाही तर मधून डेटा पोचवतो, बास. हे लहानशा लिनक्स सर्व्हरवर चालतं. त्याच्या मोफत सर्व्हरमध्ये कोण कधी जोडलं याच्या नोंदी आणि युजरवार परवानग्या नाहीत, त्या पैशाच्या आवृत्तीत मिळतात, आणि सरकारी कामाला त्या हव्याच. नाहीतर मेशसेंट्रल आहे, तेही ओपन सोर्स, ब्राउझरमधून चालतं, त्यात गट पाडता येतात, कुणाला कुठली मशीन दिसेल ते ठरवता येतं, समोरच्याची संमती विचारता येते, नोंद राहते. सीडॅक या केंद्राच्या संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे, महाआयटी ही राज्य सरकारची आयटी कंपनी तुमच्याच अखत्यारीत आहे. यापैकी एक घ्या, तपासून घ्या, मराठीत मेनू करा, राज्याच्या डेटा सेंटरमध्ये बसवा.

मग नियम साधे ठेवा. सपोर्टवाल्याने फोनवर नंबर विचारायचाच नाही, परिचालकाने पोर्टलवर तक्रार टाकली की तिथेच एक बटण यावं आणि त्या तक्रारीपुरतंच, त्या वेळेपुरतंच कनेक्शन उघडावं, स्क्रीनवर आत आलेल्या माणसाचं नाव आणि ऑफिस मोठ्या अक्षरात दिसावं. टोकन लावलेलं असेल तर आधी ते काढायला सांगावं. आणि सही जिथे होते त्या मशीनवर कायमचा पासवर्ड नकोच, कुठल्याही सबबीवर नको. या एका गोष्टीत सवलत देऊ नका, बाकी सगळ्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

आमच्यासारख्या तालुक्यातल्या दुरुस्तीवाल्यांनाही यात घ्या. आम्हाला बाहेर ठेवाल तर ऑफिसवाले मागच्या दाराने आम्हालाच बोलावतील, कारण मुंबईच्या हेल्पडेस्कला हेळवाकचा नेट कसा चालतो ते माहीत नसतं. दोन पट्ट्या रेंजवर काम करायचं तर रंग कमी करायचे, फ्रेम कमी करायच्या, वॉलपेपर काढायचा, हे आम्ही करतो. आमची नोंदणी करा, ओळखपत्र द्या, लॉगिन द्या, आम्ही काय केलं ते सगळं तुमच्या लॉगमध्ये येऊ द्या. आमच्यात ज्यांना प्रामाणिकपणे काम करायचंय त्यांची याला हरकत नसणार.

सुरुवातीला सगळं राज्य नको, एक तालुका घ्या. आमचा पाटण घ्या, पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे इथे टिकेल ते कुठेही टिकेल. मशीनांची यादी, कुठे विंडोज आहे, कुठे लिनक्स चालेल, कुठे नेट कुठल्या कंपनीचा लागतो, हे सगळं आम्ही गोळा करून देऊ, त्याचे पैसे नकोत. फक्त कुणाला भेटायचं आणि कधी, एवढं विभागाने लेखी कळवावं.

आपला,
पाटण तालुक्यातला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला