एकत्र या म्हणता, मग पाइपला परवानगी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘पाणी व वीज बचतीसाठी लघुउद्योजकांनी एकत्र यावे’ ही बातमी वाचली. फोटो मोठा आहे, व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांनी मिळून काम करावं हे वक्त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण समोर बसलेल्यांनी जे प्रश्न विचारले त्यातला एकही बातमीत नाही. मी तिथे होतो. माझा प्रश्न शेजारच्या छपरावरचं पावसाचं पाणी माझ्या कारखान्यात आणणाऱ्या पाइपच्या परवानगीचा होता. उत्तर मिळालं, “हा स्थानिक प्रश्न आहे, कार्यक्रमानंतर भेटा.” कार्यक्रमानंतर चहा झाला आणि मंडळी गाडीत बसून गेली. म्हणून हे पत्र.

कुपवाडला माझी लहान फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीची कॉइल आणि विजेचं पॅनेल थंड ठेवणारं आतलं पाणी शुद्ध असतं, ते बंद फेऱ्यात फिरतं. त्याची उष्णता बाहेरचं पाणी घेतं आणि ते बाहेरचं पाणी कूलिंग टॉवरवर गार होतं. हे बाहेरचं पाणी आमच्याकडे बोअरचं. इतकं जड, की आतल्या पाण्याची उष्णता बाहेरच्या पाण्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि दर थोड्या दिवसांनी त्या उघडून ॲसिडनं धुवाव्या लागतात. एप्रिल-मे महिन्यात तर पाणी तापून भर हीटमध्ये, म्हणजे धातूचा एक घाणा वितळत असतानाच, पॅनेल ट्रिप होऊन बंद पडतं. मोल्ड (साचे) तयार, माणसं धातू ओतायची लॅडल घेऊन उभी, आणि भट्टीतल्या धातूचं तापमान उतरत चाललेलं. ते पुन्हा चढवायला जी वीज जाते, तिच्यातून एक किलोही जास्तीचा माल निघत नाही. पाणी आणि वीज हे दोन वेगळे विषय नाहीत, हे आम्हाला भाषणातून कळायची गरज नव्हती.

टॉवरवर पाण्याची वाफ होते आणि क्षार खालच्या पाण्यात साठत जातात. ते फार वाढले की काही पाणी सोडून द्यावं लागतं. क्षार दुप्पट झाल्यावर पाणी सोडायची वेळ येत असेल, तर वाफ होणाऱ्या हजार लिटरमागे दोन हजार लिटर भरावं लागतं. पाणी मऊ असेल आणि चौपटीपर्यंत थांबता आलं, तर तेच काम तेराशे-चौदाशे लिटरमध्ये होतं. म्हणजे पाण्याचा एक तृतीयांश खर्च वाचला, शिवाय थर कमी, ट्रिपिंग कमी, ॲसिड कमी.

आता मऊ पाणी कुठून आणायचं? ते माझ्या भिंतीला लागूनच पडतं. शेजारी हळदीचं गोदाम आहे, पत्र्याचं छप्पर हजार चौरस मीटरच्या आसपास. आपल्या भागात पाऊस कमीच, तरी पाचशे मिलिमीटर धरा. तेवढ्या छपरावर पाच लाख लिटर पाणी पडतं, गळती आणि पहिल्या सरीचं घाण पाणी सोडलं तरी चार लाख हाती लागावं. गोदामाला पाण्याचा उपयोग नाही. मालक वयानं मोठे, जुन्या ओळखीचे. त्यांनी पहिल्या शब्दात सांगितलं, “न्या की हो, नाहीतरी गटारीतच जातंय.” टाकीला जागा माझ्याकडे आहे. मध्ये फक्त कंपाउंडची भिंत आणि वीस फूट पाइप.

या वीस फुटांसाठी मी रीतसर अर्ज केला. एका कार्यालयानं कळवलं, की एका प्लॉटवरचं पाणी दुसऱ्या प्लॉटवर वापरण्याची तरतूद नाही. दुसऱ्यानं सांगितलं, पावसाचं पाणी आमच्या अखत्यारीत येत नाही. पुन्हा पहिल्याकडे गेलो तर तिथल्या साहेबांनी मार्ग सुचवला: दोन्ही प्लॉट एकाच मालकाचे असते तर विचार करता आला असता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. म्हणजे ज्याच्याकडे दोन प्लॉट घ्यायची ऐपत आहे त्यानं पाणी वाचवावं, आणि एका प्लॉटवाल्या दोघांनी शेजार असूनही वाचवू नये? पुढच्याच तपासणीला आलेल्या माणसानं मला विचारलं, “रेनवॉटर हार्वेस्टिंग केलंय का?” माझ्या शेडच्या छपराचं केलंय. ते छप्पर केवढं, हे त्यांनीही पाहिलं. फाइल अजून कुठल्या तरी टेबलावर आहे आणि दोन पावसाळ्यांचं पाणी गटारीतून वाहून गेलं.

संपादक महाशय, एप्रिल 2016 मध्ये याच मिरजेतून दुष्काळी लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर. रेल्वे, महसूल, पाणीपुरवठा, दोन जिल्ह्यांची प्रशासनं, सगळी एका कामाला लागली आणि पाणी तीनशेहून अधिक किलोमीटरवर पोचलं. तेव्हा मिरज स्टेशनवर बघायला गेलेल्यांत मीही होतो आणि आपल्या भागाचा अभिमान वाटला होता. तेवढंच पाणी दरवर्षी माझ्या शेजाऱ्याच्या छपरावर पडतं. दुष्काळात जे जमलं ते एरवी का जमू नये, हे मला समजत नाही.

एकत्र येणं आम्हाला शिकवावं लागत नाही. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 साली उभा राहिला, तेव्हापासून या पट्ट्यात ओतकाम आणि लेथकाम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पॅटर्न (साच्याचा नमुना) कोल्हापुरात होतो, कास्टिंग (ओतीव भाग) कुपवाडला, मशिनिंगला माल साताऱ्याला जातो. एकाची भट्टी बंद पडली तर दुसरा हीट काढून देतो. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी क्लस्टर (समूह) करून साच्यांत वापरलेली वाळू पुन्हा कामात आणायचं सामायिक केंद्र उभं केलं, कारण त्या कामासाठी ‘सामायिक’ असा रकाना सरकारी कागदावर होता. पाण्याला आणि विजेला तो रकाना नाही. तिथे प्लॉट एक, ग्राहक एक, बिल एक.

विजेचंच घ्या. 2022 च्या नियमांनी हरित विजेच्या खुल्या प्रवेशाची, म्हणजे अशी वीज आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून थेट घेण्याची किमान मर्यादा एक मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली. निर्णय उत्तमच. पण चाळीस किलोवॉटच्या वर्कशॉपवाल्यानं काय करायचं? शेजारशेजारचे तिघे मिळून शंभराच्या वर जातात, पण तिघे मिळून एक ग्राहक होत नाहीत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नव्या योजनेत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात 5 टक्के सवलत आहे, मध्यम उद्योगांना 3 टक्के. मी स्वतः अर्ज करणार आहे, इतरांनीही करावा. पण गोदामाचं छप्पर आणि माझी भट्टी मिळून जी बचत होणार, ती कोणी कोणाच्या अर्जात दाखवायची?

यंत्रांना लागणाऱ्या दाबाखालच्या हवेच्या गळतीचंही तसंच. कॉम्प्रेसरच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल तर सात बारच्या दाबाला तीन-चार किलोवॉट वीज सतत हवेत जाते, मशिन चालू असो वा नसो. आम्ही सुट्टीच्या दिवशी साबणाचं पाणी लावून गळती शोधतो. आवाजावरून गळती पकडणारं यंत्र एकट्याला परवडत नाही, दहा-पंधरा जणांत सहज परवडेल. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज 1947 पासून सांगलीत आहे. तिथल्या मुलांच्या हाती असं यंत्र देऊन औद्योगिक वसाहतीतून फिरवलं तर मुलं शिकतील आणि आमचं बिल उतरेल. व्यासपीठावरून असं एखादं काम ठरलं असतं तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या.

जाता जाता आपल्याबद्दलही एक तक्रार. पूर्वी आपल्या अंकात आठवड्यातून एकदा उद्योगाचं पान असायचं. वसाहतीतल्या अडचणी त्यात यायच्या, अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागायचं. ते पान बंद झालं आणि त्या जागी आता फ्लॅटच्या जाहिराती येतात. कृष्णेला पूर आला की सांगली पहिल्या पानावर असते. पूर ओसरला की कृष्णाकाठच्या कारखान्यांना पाणी कुठून मिळतं आणि किती वाया जातं, हे कोणी लिहीत नाही. ते पान पुन्हा सुरू करा अशी मनापासून विनंती आहे. पहिल्या लेखासाठी माझ्या फाइलच्या झेरॉक्स द्यायला मी तयार आहे.

आणि त्या बातमीचा पाठपुरावा करणार असाल तर एवढंच करा. व्यासपीठावर कोण होतं ते आपल्याकडे छापलेलं आहेच. त्यांतल्या प्रत्येकाला विचारा, की दोन शेजाऱ्यांना पावसाचं पाणी वाटून घ्यायचं असेल तर परवानगी कोणत्या कार्यालयात मिळते. जे उत्तर येईल ते नावानिशी छापा, जूनच्या आधी.

आपला,
एक फौंड्रीचालक, कुपवाड (जि. सांगली)