माझी पाच बोटे आणि तुमचे 45 डेसिबल

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. मी गोव्यात, बार्देश तालुक्याच्या किनारपट्टीत पहिलीच्या वर्गाला शिकवते. 19 वर्षांत मुलावर हात उचलला नव्हता. परवा सोमवारी उचलला. एका पोराच्या हातून बाटलीतले पाणी माझ्या हजेरीपटावर सांडले, गुन्हा एवढाच. थप्पड वाजली आणि वर्ग इतका गप्प झाला की रस्त्यावरच्या मासेवाल्याचा भोंगा आत ऐकू आला.

शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17. मी दोषी आहे, तसे लिहूनही दिले आहे. आता आपल्याकडच्या कायद्याचे बोलू.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री 10 ते सकाळी 6, वस्तीत 45 डेसिबल. शनिवार आणि रविवार, दोन्ही रात्री घरामागच्या क्लबात पहाटे चारपर्यंत ढणढणाट चालू होता. खिडक्या बंद करूनही मोबाइलवर 81 दिसले. अ‍ॅप फुकटचे आहे, दहाने चुकत असेल. म्हणजे 71 धरा. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दसपट होते. माझ्या हिशेबाने हे मर्यादेच्या चारशेपट झाले. हिशेब चुकला असेल तर आपल्या खात्याने दुरुस्त करावा, तेवढ्यासाठी तरी कुणीतरी मीटर घेऊन येईल. गणपतीच्या चवथीआधी ध्वनिमापक बसवतो असे ग्रामसभेत सांगितले होते. चवथ झाली, दिवाळी झाली. हो, नरकासुराचे पुतळे उभारतो त्या रात्री आम्हीही कानठळ्या बसवतो, कबूल. पण तो पहाटेला जळतो तरी. आमच्या वाड्यावरचा दर शनिवारी नव्याने उभा राहतो.

मी रागीट नाही हो. सासूबाईंचा रक्तदाब, नवऱ्याची बोटीवरची नोकरी, सगळे शांतपणे निभावले आहे. मग सोमवारी हे काय झाले ते शोधत बसले. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. भीती, राग, धोका दिसला की आधी तो पेटतो. कपाळामागचा भाग त्याला आवरतो, मॉनिटरने दंगेखोराला खाली बसवावे तसा. 2007 साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी सुमारे 35 तास जागवलेल्या तरुणांना नकोशी चित्रे दाखवली. झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांचा अमिग्डाला 60 टक्के जास्त पेटला आणि मॉनिटरशी त्याचा धागा सैल पडला. मी सलग 35 तास जागी नव्हते, मान्य. पण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, दिवसभराचे सल त्या झोपेत बोथट होतात म्हणतात, आणि नेमकी तीच आमच्याकडून काढून घेतली जाते. चारला आवाज थांबतो, साडेपाचला माझा गजर.

फोन केला की पोलीस म्हणतात मीटर नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणते पोलिसांना सांगा, पंचायत म्हणते परवाना वरून आला. जीप येते तेव्हा आवाज खाली, जीप वळली की वर. असा शहाणा आवाज मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पाहुण्यांसाठी विमानतळ दोन, कॅसिनोंसाठी मांडवी, बिल्डरांसाठी डोंगर. गोंयकाराच्या वाट्याला काय, तर कापसाचे बोळे? सासूबाई रात्री दोनला दारापुढच्या बलकांवात बसून असतात. आतल्यापेक्षा तिथे बरे, म्हणतात, निदान भिंत हलत नाही.

मुलाच्या गालावरची माझी बोटे आईला दिसली. ती शाळेत आली, मी माफी मागितली. ती भांडली नाही. म्हणाली, "टीचर, तो पण रात्री निजला नाही." ती त्याच क्लबच्या स्वयंपाकघरात भांडी घासते, मागच्या खोलीत राहतात. म्हणजे त्या वर्गात न झोपलेली डोकी दोन होती आणि मोठे माझे होते.

मागणी नवी नाही. मीटर बसवा, रात्री दहानंतर तो वाचायला माणूस ठेवा. जमत नसेल तर नियम रद्द केल्याचे परिपत्रक काढा, मी ते घरात फ्रेम करून लावीन. फ्रेम थरथरेल, पण लावीन.

आपली,
एक शिक्षिका, बार्देश

ता. क. आज तिसऱ्या तासाला तो बाकावर डोके टेकून झोपला. मी बेरजा फळ्यावर हळूच लिहिल्या, खडू वाजू नये म्हणून.