झाकण काढायचं की ठेवायचं? आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
माननीय आयुक्त, महानगरपालिका

स. न. वि. वि.

नोकरीच्या निमित्ताने चार महिन्यांपूर्वी मी आपल्या शहरात राहायला आलो. वीज, पाणी, इंटरनेट, सगळ्याची माहिती पहिल्या आठवड्यातच कुणी ना कुणी देऊन गेलं. कचऱ्याची मिळाली ती माझी पिशवी दारातच पडून राहिली तेव्हा. तिच्यावर चिठ्ठी होती: 'मिक्स'. नेमकं काय चुकलं, हे त्या चिठ्ठीत नव्हतं आणि विचारायचं तर कचरागाडी कधीच निघून गेली होती.

मी काही पहिल्यांदा कचरा वेगळा करत नव्हतो. आधीच्या शहरात बारा वर्षं करत होतो, आणि खरं तर तेच नडलं. तिथे बाटलीचं झाकण काढून टाकायची शिस्त होती; इथे म्हणे झाकण लावूनच द्यायचं. मी हट्टाने जुनंच चालू ठेवलं. शेवटी सुका कचरा निवडणाऱ्या एका कामगाराने समजावलं. सुटं झाकण चाळणीतून खाली पडतं आणि वाया जातं. लावलेलं असलं की बाटलीबरोबर पुढे पोचतं. तिथे दोन्हींचा चुरा करून पाण्यात सोडला, की बाटलीचा बुडतो आणि झाकणाचा तरंगतो. एवढं ऐकलं आणि बारा वर्षांची सवय सुटली. हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?

दुसरी फसगत डब्या-बाटल्यांवर छापलेल्या बाणांच्या त्रिकोणाने, म्हणजे पुनर्वापराच्या खुणेने केली. त्रिकोण दिसला की वस्तू सुक्यात, असा माझा हिशेब. पण प्लास्टिकवरच्या त्रिकोणातला १ ते ७ हा आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १९८८ मध्ये प्लास्टिक उद्योगानेच ही पद्धत आणली. १ म्हणजे पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ७ म्हणजे 'इतर', थोडक्यात काहीही. त्याचं पुढे नवं काही होईल का, हे त्या त्या शहरातली यंत्रं आणि माल घेणारे ठरवतात. एकच डबा एका शहरात माल असतो, दुसऱ्यात कचरा. म्हणून याचं उत्तर डब्यावर सापडणार नाही, साहेब, ते आपल्याच कार्यालयाकडे आहे.

ते मिळत नाही म्हणून माणूस काय करतो? शंका आली की सुक्यात टाकतो आणि समाधानाने हात धुतो. मीही तेच केलं. अर्धवट रिकामी बाटली टाकली. ती सांडली आणि पिशवीतले सगळे कागद भिजले. ओव्हनमध्ये चालणारं काचेचं फुटकं भांडं बाटल्यांसोबत दिलं. ती काच बाटलीच्या काचेपेक्षा जास्त तापमानाला वितळते, तिचे खडे नव्या बाटलीत तसेच राहतात, हे फार उशिरा कळलं. आतून चकचकीत पाकिटांबद्दल तर बोलायलाच नको. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणं कुणालाच परवडत नाही. ती घेत नसाल तर 'घेत नाही' असं स्पष्ट सांगा. राग येणार नाही.

माझी मागणी एका पानाची आहे. भाडेकरार नोंदवताना किंवा पाण्याचा पहिला मीटर नावावर करताना ते हातात द्या. त्यावर डब्यांचे रंग नसले तरी चालतील. वस्तूंची चित्रं हवीत, कारण इथली भाषा न वाचता येणारेही इथे राहायला येतात. प्रत्येक चित्राखाली एका ओळीत कारण लिहा. आणि पान कधी छापलं ती तारीख टाका, कारण नियम बदलतात आणि जुनी पानं मात्र वर्षानुवर्षं भिंतीवर राहतात.

चिठ्ठीतही 'मिक्स'ऐवजी चुकलेल्या वस्तूचं नाव लिहायची सोय करा. आमची चूक हाताने निवडणारा माणूस आहे, निदान त्याच्यासाठी.

एक गोष्ट पानाची वाट पाहू शकत नाही. माझ्या गच्चीत वाळूने भरलेल्या कुंडीत मोबाइलची एक फुगलेली बॅटरी तीन आठवडे पडून आहे. गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते, एवढं मला माहीत आहे, म्हणून ती कुठल्याच डब्यात टाकलेली नाही. ती कुठे आणून द्यायची आणि कोणत्या वेळेत, तेवढं कृपया कळवावं.

आपला,
एक नवा रहिवासी