शाळेच्या पहिल्या दिवशी पालक कुठं असतात? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, नमस्कार.

मी केज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. थोरली पोरगी सहावीत, धाकटा दुसरीत. घरी शिलाई मशीन आहे, पेरणी-खुरपणीच्या दिवसांत रोजानं शेतातही जाते. लेकरं लहान असताना तीन हंगाम कोयत्यावर काढले, म्हणजे ऊसतोडीला गेले. या पत्रात ज्या पालकांबद्दल लिहितेय त्यांच्यातलीच मी आहे, म्हणून एवढं सांगितलं.

दरसाल जूनच्या मध्याला शाळेत प्रवेशोत्सव होतो. पहिलीच्या लेकरांची सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक निघते, गुलाबाचं फूल मिळतं, नवी पुस्तकं मिळतात, पोषण आहारात काहीतरी गोड असतं. (आमच्या गावात बैलजोड्या दोनच उरल्यात, म्हणून आम्ही ट्रॅक्टर सजवतो.) लेकरं खूश होतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

एका वर्षीची गोष्ट. एक म्हातारी नातवाला पहिलीत घालायला आली होती. पोराचे आईबाप बांधकामावर, लांब. म्हातारी नातवाचं बोट धरून वर्गाच्या दारात उभी. फोटो काढायचा होता, तर तिला कुणीतरी म्हणालं, "आज्जी, जरा बाजूला सरा, फोटोत येताय." आज्जी बाजूला सरली आणि तशीच घरी गेली. नातू दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवसापासून आलाच नाही. आठवड्यानं आम्ही घरी गेलो तर आज्जी म्हणाली, "तिथं माझं काय काम?" साहेब, तिला बाजूला सरा म्हणणारी मीच होते. मोबाईल माझ्या हातात होता.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. लेकराचं स्वागत आपण करतो, पण ज्याच्या हाताला धरून ते येतं त्याचं कोण करतं? आणि ते करायचंच झालं तर शिक्षकांपेक्षा पालकांनी करावं, कारण नव्या पालकाला शाळेची भीती वाटते, शेजारणीची वाटत नाही.

भीती म्हणते ते उगाच नाही. आमच्याकडं शाळेतून निरोप आला की दोनच अर्थ निघतात: पोरानं काहीतरी केलं, नाहीतर कागद कमी पडला. आधार आणलं का, बँकेचं पासबुक आणलं का, जुन्या शाळेचा दाखला कुठाय? शिक्षण हक्क कायदा 2009 चा. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवता येत नाही, असं त्यात लिहिलंय. आमच्या गुरुजींना ते माहीत आहे, प्रवेश ते देतातच. पण ऑनलाईन माहिती भरायची असते, म्हणून पहिल्या भेटीत पहिलं वाक्य कागदाचंच येतं. ज्या बाईनं आयुष्यात शाळेचं तोंड पाहिलं नाही तिला त्या वाक्यातून एवढंच कळतं, की आपण इथंही काहीतरी चुकवलं.

दुसरी अडचण वेळेची. मृग निघतो 7-8 जूनला, शाळा उघडते त्याच्या आठवडाभरानं. पाऊस पडून वाफसा झाला की माणूस रानात असतो. सरकी टोचायची, सोयाबीन पेरायचं. अशा दिवशी सकाळी दहाला पालकसभा ठेवली तर कोण येणार? रोज बुडवून आलेली एखादी, सरपंच आणि आम्ही सदस्य. मग सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला पाहिजेत, त्या आमच्याकडंही आहेत. निम्म्या जणींची सही चुलीपुढं होते.

म्हणून दोन वर्षांपासून आम्ही आमच्या परीनं एक सुरू केलं. 2022 पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे आणि माता-गट सुरू झाले, त्यातून आम्हाला धीर आला. पाडव्याला सालगड्यांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्यांची, सालं बदलतात, कुणी हे गाव सोडतं, कुणी नवं येतं. त्या घरांची यादी समितीतल्या बायाच करतात, कारण कुणाच्या वाड्यावर कोण आलं हे आम्हाला आधी कळतं. मग शाळा उघडायच्या आधी दोघी-दोघी त्या घरी जातो. हातात कागद नसतो. लेकराला घरी काय हाक मारतात, कशाला भितं, दसऱ्यानंतर आईबाप कारखान्याला गेले तर ते कुणापाशी राहणार, एवढंच विचारतो. तांड्यावर जायचं तर आमच्यातली तांड्यावरचीच एक पुढं असते. ती गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायला लागली की बाया दारातून आत येऊन बसतात. मी मराठीत बोलले तर नुसत्या माना हलवतात.

नंतर सभा, संध्याकाळी साडेसातला, समाजमंदिरात. चहा आमचा. खुर्च्या नाहीत, गुरुजीही सतरंजीवर. पहिल्या वर्षी अर्धा तास कुणी बोललंच नाही, त्यात लाईट गेली, आणि एक दादला पिऊन येऊन भांडला. दुसऱ्या वर्षी सतरंजी पुरली नाही. ती आज्जी पुढंच बसली होती. तिनं नव्या आयांना मधल्या सुट्टीत लेकराला भात कसा मिळतो, किती वाजता मिळतो ते सगळं सांगितलं. आमच्यापेक्षा चांगलं सांगितलं.

शिक्षण हमी कार्डाची गोष्ट त्याच सभेत काढली. लेकरू कारखान्याच्या तळावर गेलं तर तिथल्या शाळेत बसवायला ते कामाला येतं, हे मला स्वतःला तीन हंगाम माहीत नव्हतं. निघायच्या गडबडीत, मुकादमाची गाडी दारात उभी असताना, हे सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. जूनमध्ये शिरतं.

शहरातलं मला फार माहीत नाही. नणंद लातूरला असते, तिची पोरं खाजगी शाळेत. तिथं 2011 च्या फी नियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघ असतो, पण ती म्हणते, फी सोडून कुणी कुणाशी बोलत नाही.

आता तुमच्याकडं मागणं. पैसे नकोत, चहा-साखर आम्ही बघू. आमच्या एक बाई अंबाजोगाईहून येऊन-जाऊन करतात. सभेला थांबल्या की घरी पोचायला दहा वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. मनाच्या चांगल्या म्हणून करतात, पण ते त्यांच्या मनावर किती वर्षं सोडायचं? तुमच्या परिपत्रकात एवढं येऊ द्या, की पहिली पालकसभा गावाच्या सोयीच्या वेळी घ्यावी आणि त्या वेळेची शिक्षकांना दुसऱ्या दिवशी सवलत मिळावी. फोटो पाठवायची सक्ती त्या सभेपुरती काढा. आणि नव्या घरांना भेटी देणं हे समितीचं काम म्हणून लिहा, म्हणजे आमच्या सासरच्यांनाही ते काम वाटेल.

परिपत्रक जूनमध्ये काढू नका. अक्षय्य तृतीयेच्या आत काढा. तोवर कोयता गावात परत आलेला असतो, पेरणी लांब असते, आणि माणसं संध्याकाळी ओट्यावर सापडतात.

आपली,
एक आई आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य,
ता. केज, जि. बीड