सूट शिवू नकोस म्हणणाऱ्या मास्तरांस

ती. मास्तर,
शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायची सोय तुम्ही ठेवलेलीच नाही. कोणी दोन शब्द बोलायला गेलं की "बरं बरं, पॅन्ट कधी नेतोयस?" म्हणून विषय मिटवता. शिवाय आमच्या बँकेत नवी पोरं लागली की दर वेळी कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, एवढ्याशा पगारात तुझ्याकडे इतके सूट कसे, घरचे देतात का? तेव्हा एकदाच सगळ्यांसमोर लिहून टाकतो. दुकानाचं नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. "लग्नसराईत आहेत तेवढी गिऱ्हाइकं पुरे झाली" असं म्हणालात ना. सदाशिव पेठ एवढंच लिहिलं तर चालेल बहुतेक, पेठ मोठी आहे.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा खिशात पहिला पगार होता आणि डोक्यात काळा थ्री-पीस. कॉलेजच्या प्लेसमेंटला आमच्या हॉस्टेलवर एकच ब्लेझर होता. एकाचा इंटरव्ह्यू संपला की तो जिन्यातच अंगातून काढायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. त्यामुळे स्वतःच्या मापाचा सूट म्हणजे काहीतरी फार मोठं वाटायचं. तुम्ही टेप गळ्यातून काढलीच नाहीत. खोलीचं भाडं किती, ऑफिसला जातोस कशावर, कोट रोज घालायचा की साहेब आले की, एवढंच विचारलंत आणि म्हणालात, "तुला आत्ता शिवायचा सूट परवडत नाही. रेडिमेड घे."

घरी हे सांगितलं तर आईचा विश्वास बसेना. शिंपी कधी असं सांगतो का! पण तुम्ही नुसतं परत पाठवलं नाहीत, काय बघून घ्यायचं तेही दाखवलंत. खांद्याची शिवण बरोबर हाडाच्या टोकावर आली पाहिजे. मानेमागे कॉलर शर्टाला चिकटून बसली पाहिजे, मध्ये बोट जाता कामा नये आणि कॉलरखाली आडवी वळीही पडता कामा नये. हे दोन जमलं की कंबर, बाहीची लांबी, पॅन्टची उंची या गोष्टी तुमच्या मशीनवर सुधारतात. खांदा सुधारायचा तर सगळा कोट उसवावा लागतो. कोटाची उंची कमी करायला गेलं तर खिसे तिथेच राहतात आणि कोट बुटका दिसतो. मी सेलमधून साधा नेव्ही ब्लू सूट आणला. तुम्ही सहाशे रुपयांत तो असा बसवून दिलात, की मॅनेजरने कुठून शिवलास म्हणून विचारलं.

पैसे साठेपर्यंतचे ते दिवस मी अधूनमधून दुकानात बसून काढले, आणि त्या फुकटच्या शिकवणीचे आभार वेगळे मानायला हवेत. कोणाचा तरी जुना कोट उसवून तुम्ही मला आतली बाजू दाखवली होतीत. वरून कापड, खाली अस्तर आणि मधे छातीला आकार देणारा थर. स्वस्तातल्या कोटात हा थर गरम प्रेसने चिकटवलेला असतो. ड्रायक्लीनवाल्याने निष्काळजीपणा केला की तो जागोजागी सुटतो आणि छातीवर फुगे येतात. चांगल्या कोटात तिथे घोड्याच्या केसांचं कॅनव्हास असतं, हाताने टाके घालून बसवलेलं. म्हणून लॅपल, म्हणजे छातीवरची ती उलटी घडी, दुमडलेली दिसत नाही, वळलेली दिसते. पूर्ण कॅनव्हासची शिलाई आम्हा पोरांच्या आवाक्याबाहेरची. "छातीपुरतं घे, खाली कोण बघतंय," हा तुमचा मधला मार्ग. त्याच दिवशी कापडाच्या नंबरांचीही हवा काढलीत. दुकानदार सुपर 150, सुपर 150 म्हणून मिरवतो, पण तो आकडा वाढला म्हणजे लोकरीचा तंतू बारीक झाला, एवढंच. सुपर 100 म्हणजे सरासरी 18.75 मायक्रॉनपर्यंत, सुपर 150 म्हणजे 16.25. कापड तेवढं मऊ आणि तेवढंच नाजूक. "तुझ्या स्कूटरची सीट ते दिवाळीपर्यंत खाऊन टाकेल," असं म्हणून तुम्ही हिशेब संपवलात.

स्कूटरवरूनच दोन पॅन्टींचा नियम आला. कोट वर्षानुवर्षं टिकतो, पॅन्ट मात्र बसून बसून मांड्यांत आणि मागे झिजते. मग अख्खा चांगला कोट जोडीवाचून कपाटात पडून राहतो. त्यामुळे सूट शिवतानाच त्याच थानातून दुसऱ्या पॅन्टचं कापड घ्यायचं, सव्वातीन मीटरऐवजी साडेचार मीटर. धुवायलाही कोट आणि दोन्ही पॅन्टी एकदमच टाकायच्या, नाहीतर रंगात फरक पडतो. आणि स्कूटरवर कोट अंगात घालायचाच नाही. एक खांदा उलटा करून दुसरा खांदा त्यात घालायचा, अस्तर बाहेर येईल अशी उभी घडी करून बॅगेत ठेवायचा. ही घडी मी आता पार्किंगमध्ये डोळे मिटून उलगडतो.

पण मास्तर, खरे उपकार भिशीचे.

खोलीवर आम्ही पाचजण. सगळ्यांना सूट हवा आणि सगळ्यांच्या मोबाइलवर हप्त्यांच्या जाहिराती. शोरूममध्ये मापाचा सूट बारा हप्त्यांत मिळतो म्हणून आम्ही जवळजवळ निघालोच होतो. तुम्ही म्हणालात, "कापड विटलं तरी हप्ता चालू राहतो. त्यापेक्षा भिशी लावा, तुमच्या आया लावतात तशी." दरमहा प्रत्येकी तीन हजार, म्हणजे पंधरा. चिठ्ठी निघेल त्याचा सूट. त्यात साडेचार मीटर टेरीवूल, म्हणजे लोकर-पॉलिस्टरचं मिश्र कापड, तुमच्या ओळखीने मिळालेल्या मीटरला दीड हजाराच्या भावाने पावणेसात हजार, कोट-पॅन्टची शिलाई सहा हजार, दुसऱ्या पॅन्टचे नऊशे. उरलेल्यात एक टाय किंवा बुटांचे तळवे. व्याज नाही, कार्ड नाही, आणि एकाने महिना चुकवला तर बाकीचे चौघे खोलीवर आहेतच त्याला विचारायला. एकदा चिठ्ठी ज्याची निघाली त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. त्याने ती रक्कम घरी पाठवली आणि त्याचा सूट तुम्ही तरीही शिवलात. पुढे त्याने तुमचे पैसे कसे फेडले हे तुम्हाला आणि त्यालाच ठाऊक. आम्ही विचारलं नाही.

भिशी जूनमध्ये सुरू करायची हाही तुमचाच हट्ट. तेव्हा वाटलं, हा काय मुहूर्त! नंतर कळलं. आषाढ लागला की लग्नं थांबतात, लक्ष्मी रोडवर सेलचे फलक लागतात, चातुर्मासात शिंप्यांचे हात मोकळे असतात. पितृपक्षात तर लोक नवं कापड घ्यायलाच बिचकतात. ज्या कारागिराला तुळशीच्या लग्नानंतर श्वास घ्यायला फुरसत नसते, तोच भाद्रपदात गिऱ्हाइकाच्या कोटावर दोन दिवस जास्त घालवतो, तेही त्याच पैशांत. हे वाचणाऱ्या पोरांनो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण डिसेंबरात शिंप्याकडे जाऊन घाई करू नका.

माझी चिठ्ठी श्रावणात निघाली. त्या ट्रायलविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. पांढऱ्या धावदोऱ्याने जोडलेला कच्चा कोट, कॉलर नाही, अस्तर नाही, एकच बाही लावलेली. तुम्ही मला आरशाकडे पाठ करून उभं केलंत आणि बँकेतल्या गोष्टी विचारायला लागलात. मला वाटलं, गप्पा मारताय. तुम्ही बघत होतात मी नेहमी उभा कसा राहतो ते, कारण आरशासमोर प्रत्येकजण छाती काढून उभा राहतो. मग खांद्यावर खडूने एक तिरकी रेघ ओढलीत आणि ती लावलेली बाही सरळ ओढून काढलीत. टाके तटातट तुटले आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. "उजवा खांदा उतरता आहे तुझा, कॉलेजभर एकाच खांद्यावर बॅग लटकवलीस." मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, अर्धा इंच वर घेतलात. आत जागा जास्त ठेवली तर हात हलवायला सोपं जातं असं मला वाटायचं, पण ते उलटंच निघालं. मुंढा काखेजवळ असला की हात वर केला तरी कोट जागेवर राहतो, मोठा असला की हाताबरोबर सगळा कोट वर चढतो. स्कूटरचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला लावलेत तेव्हा ते पटलं.

वहीत माझ्या मापांपुढे "उ. खां. उतरता" असं लिहून कापडाचा तुकडा टाचणीने लावलात, आणि कोटाच्या पाठीच्या शिवणीत व पॅन्टच्या मागे चांगला इंचभर दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवलात. रेडिमेडमध्ये तेवढं कापड कोण सोडतं! "पंचविशीतला मुलगा पस्तिशीत तोच राहत नाही." तुमचा अंदाज थोडा उदार होता. मी तिशीच्या आतच दाब सोडायला आलो. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त मेसचा डबा चांगला आहे का एवढं विचारलंत.

रंगांचं फार लिहीत नाही. नेव्ही, मग गडद राखाडी, मग बंदगळा, कारण बंदगळ्यावर मित्रांची सगळी लग्नं निघतात आणि शेरवानीचं भाडं वाचतं. काळ्याला मात्र तुम्ही कधीच हो म्हटलं नाहीत. "काळा कोट घालायचा तर आधी सनद घे." वकिलांनासुद्धा जिल्हा कोर्टात उन्हाळ्याचे महिने काळ्या कोटाची सक्ती नसते आणि तू हौसेने घालतोस, असंही वर ऐकवलंत.

बाबांचा लग्नातला सूट आणला होता तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. रेमंडचं कापड. ठाण्याची ती लोकरीची गिरणी 1925 सालची, आणि बाबांच्या पिढीत लग्नाच्या सूटला त्याहून दुसरं नाव घ्यायचीच पद्धत नव्हती. कोटाचे खांदे माझ्यापेक्षा चार बोटं रुंद. तुम्ही कापड नखाने खरवडून बघितलंत, उजेडासमोर धरलंत, कसर कुठे लागली आहे ते शोधलंत. "कोटाला हात लावत नाही. त्याचा खांदा तोडला तर तो तुझ्या वडिलांचाही राहणार नाही आणि तुझाही होणार नाही." पॅन्ट मात्र उसवून मला बसवून दिलीत. कोट तसाच आहे, सुती पिशवीत, तुमच्या सांगण्याप्रमाणे डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासकट. पावसाळ्यात दर उघडीपीला बाहेर काढून सावलीत टांगतो आणि ब्रश फिरवतो. प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलेल्या माझ्या मित्राच्या कोटाला बुरशी आली, त्याचा फोटो तुम्हाला पाठवलाच होता.

आणखी एक आभार दुकानाबाहेर स्टुलावर बसणाऱ्या काजवाल्या काकांचे. लॅपलवरचं हातकाज त्यांनी पैसे न सांगता घातलं होतं. मी द्यायला गेलो तर म्हणाले, मास्तरांच्या हिशेबात आहे. तुमच्या हिशेबात ते नव्हतं हे मला नंतर कळलं. तुम्ही दोघं मिळून ते काय ते ठरवा, मी दिवाळीला त्यांच्यासाठी फराळ आणतो तो त्यांनी मुकाट्याने घ्यावा.

येत्या आषाढात धाकट्या भावाला घेऊन येतोय. त्याला नुकतीच नोकरी लागली आहे, पगार माझ्या पहिल्या पगाराहून बरा आहे, आणि त्याला काळाच हवा आहे. मी समजावून थकलो. खोलीचं भाडं वगैरे तुम्ही विचारालच. रेडिमेडच्या दुकानात पाठवणार असाल तर सकाळची वेळ द्या, म्हणजे त्याच दिवशी खांदा बघून घेता येईल.

काकूंना नमस्कार. राखाडी पॅन्ट शनिवारी नेतो.

आपला,
बँकवाला